सहा वर्षं काम केलं, पण दाखवायला कागद नाही

पत्र :

ताई, नमस्कार. माझं वय २९. बी.कॉम. झालंय, टॅली येतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात (शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देतात तिथं) सहा वर्षं हिशेब बघते. पगार साडेचौदा हजार, हातात रोख. नेमणुकीचं पत्र नाही, पीएफ नाही. मालक मनानं चांगले आहेत, पण त्यांचा पुतण्या हमालांसमोर, शेतकऱ्यांसमोर माझ्यावर ओरडतो. वर्षभर मोबाईलवरून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना अर्ज टाकतेय, उत्तरच येत नाही. दोन मुलाखती झाल्या. एका ठिकाणी ‘अनुभवाचं पत्र आणा’ म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर मी नाव, गाव, शिक्षण सांगून गप्प झाले. आता घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम मिळतंय, पण आधी तीन हजार रजिस्ट्रेशन मागतात. भरू का? सासरे म्हणतात, सगळं सोड आणि बँकेची परीक्षा दे. मिस्टर मिरज एमआयडीसीत आहेत, मुलगी बालवाडीत जाते. सकाळी दुकानाची पायरी चढताना पोटात गोळा येतो. मात्र परवा ३६० रुपयांचा फरक दोन दिवस शोधत होते, तो सापडला. एका पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला त्याच्या मालाचा हिशेब देतो त्या कागदात, ५,८४० च्या जागी ५,४८० पडलं होतं. त्या दिवशी घरी जाईपर्यंत मनात हसत होते. ताई, मला हे कामच आवडत नाही, की मीच कामाची नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर :

आधी तीन हजारांचं सांगते, कारण त्याला उशीर चालणार नाही. भरू नकोस. खरी नोकरी देणारा माणूस उमेदवाराकडून रजिस्ट्रेशन, डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचे पैसे असं काहीही मागत नाही. घरबसल्या डेटा एन्ट्रीच्या नावाखाली चालणारी फसवणूक तर ठरलेल्या वाटेनं जाते. आधी थोडे पैसे घेतात, मग करारावर सही घेतात. काम करून दिलं की ‘तुमच्या चुका जास्त आहेत, करार मोडला’ म्हणून वकिलाच्या नावानं नोटीस पाठवतात आणि आणखी पैसे मागतात. घाबरून माणसं भरतात. तू आधारकार्ड, पॅन, बँकेचा तपशील पाठवला असशील तर पुढं काहीही पाठवू नकोस आणि ओटीपी कुणालाही सांगू नकोस. पैसे गेलेच असतील तर आजच्या आज १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन कर. जितक्या लवकर कळवशील तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडं येते. तू पत्रात ३६० रुपयांचा किस्सा जाता जाता लिहिलास, पण मला तुझं अख्खं पत्र त्या दोन ओळींतच दिसलं. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या कार्मिक विभागात गेली. अकाउंट्सला येणारी किती मुलं-मुली मी बघितली, त्यांतली बरीचशी असा फरक ‘किरकोळ’ खात्याला टाकून मोकळी व्हायची. तू दोन दिवस त्याच्या मागं लागलीस आणि सापडल्यावर तुला आनंद झाला. ज्याला काम आवडत नाही त्याला असं होत नाही. आणि जो कामाचा नाही त्याला तो फरक सापडत नाही. जुन्या दिवाणजींची एक युक्ती तुला ठाऊक असेल, नसेल तर लक्षात ठेव : फरकाला ९ नं पूर्ण भाग गेला तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची. ३६० भागिले ९ म्हणजे ४०. पुढच्या वेळी दोन दिवस लागणार नाहीत.

मग पोटात गोळा कशाचा येतो? माझ्या मते तो कामाचा नाही. चारचौघांत होणाऱ्या अपमानाचा आहे, आणि सहा वर्षं राबूनही हातात एक कागद नाही याचा आहे. हे दोन त्रास वेगवेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. ‘नोकरीत समाधान नाही’ असं एकच लेबल लावलंस की उपाय एकच सुचतो : सोडून द्यायचं. माझं बरोबर आहे की चूक, हे तूच तपास. पंधरा दिवस वहीच्या मागच्या पानावर रोज रात्री दोन ओळी लिही : आज कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं. तारखेसकट लिही, माणसासकट लिही. पंधरा दिवसांनी सलग वाचलंस की कळेल, बिघडलेल्या दिवसांमागं आकडे किती वेळा आहेत आणि पुतण्या किती वेळा आहे.

सध्याच्या दुकानात काय करता येईल ते आधी बघू. तू म्हणतेस मालक मनानं चांगले आहेत. हे भांडवल आहे, ते वापर. त्यांच्याकडून तुला अनुभवाचं पत्र हवंय. बऱ्याच जणी तोंडी मागतात, मालक ‘देऊ की’ म्हणतात आणि ते देणं राहूनच जातं. तसं करू नकोस. पत्र तूच टाइप कर, दुकानाच्या लेटरहेडवर छापून घे आणि सहीला ने. मजकूर साधा हवा : ‘श्रीमती अमुक या आमच्या पेढीत अमुक महिन्यापासून लेखापाल म्हणून काम करत आहेत. शेतकऱ्यांच्या पट्ट्या तयार करणे, खरेदीदारांची बिले, बँकेचा ताळमेळ, जीएसटी विवरणपत्रांची तयारी आणि येणे-वसुलीचा पाठपुरावा ही कामे त्या स्वतंत्रपणे पाहतात.’ खाली सही, शिक्का, तारीख. यात खोटं एक अक्षर नको, आणि खरं आहे त्यातलं काही गाळायलाही नको.

वेळ बघून जा. जानेवारी-फेब्रुवारीत नवी हळद यायला लागली, सौदे सुरू झाले, यार्डात पाय ठेवायला जागा नाही, अशा दिवसांत मालकाला मान वर करायला फुरसत नसते. हंगाम ओसरला की एखाद्या संध्याकाळी, दुकानात दुसरं कुणी नसताना बोल. ‘पत्र कशाला, सोडून चाललीस काय?’ असं विचारतीलच. खोटं बोलू नकोस. ‘अण्णा, सहा वर्षं झाली, माझ्याकडं कामाचा एकही कागद नाही. उद्या बँकेत कर्जाला गेले तरी विचारतील. तेवढा आधार द्या,’ असं म्हण. यातला शब्द न् शब्द खरा आहे. त्याच बैठकीत पगार बँक खात्यात जमा करायला सांग. रोख पगाराला पुरावा नसतो. खात्यात दर महिन्याला पडणारी रक्कम हा तुझ्या नोकरीचा दुसरा कागद.

पीएफवरून मात्र मालकांशी वाद घालू नकोस. पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागतो. चार-सहा माणसांच्या अडत दुकानाला तो बहुधा लागत नाही. म्हणजे तुझा मालक तुला फसवतोय असं नाही. जागाच लहान आहे. पीएफ हवा असेल तर मोठ्या आस्थापनेत जावं लागेल, आणि ते वाजवी कारण आहे.

पुतण्याचं वेगळं. त्याच्याशी चारचौघांत बोलून उपयोग नाही, तिथं तो तुझ्यापेक्षा मोठ्यानं बोलणार. एकट्यात गाठून शांतपणे सांग : ‘माझी चूक असेल तर आत बोलवून सांगा, मी दुरुस्त करीन. शेतकऱ्यांसमोर ओरडलात तर उद्या तो माझ्या पट्टीवर विश्वास ठेवणार नाही, नुकसान दुकानाचंच आहे.’ हे एकदा सांग. फरक पडला नाही तर मालकांच्या कानावर घाल, आणि घालताना वहीतल्या तारखा सोबत ठेव. तरीही चालूच राहिलं, तर ती जागा सोडण्याचं पुरेसं कारण तुला मिळालं. अपमान गिळत राहण्याला कुणी सहनशीलता म्हणत असेल तर म्हणू दे. मला ते पटत नाही, आणि तुझ्या मुलीनं तुला रोज तशा चेहऱ्यानं घरी येताना बघू नये असं मला मनापासून वाटतं.

आता अर्जांबद्दल. वर्षभर उत्तर आलं नाही याचं कारण मी न बघता सांगू शकते. तुझ्या बायोडेटात ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड’ असं लिहिलं असणार, आणि खाली ‘टॅली, एमएस-ऑफिस’. असे अर्ज गठ्ठ्यानं येतात आणि एक वाचला की पुढचे दहा वाचावे लागत नाहीत. त्याऐवजी तू काय करतेस ते आकड्यात लिही. हंगामात दिवसाला किती पट्ट्या करतेस? किती खरेदीदारांची खाती सांभाळतेस? दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ आणि २० तारखेच्या आत ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, यांची तयारी कोण करतं? सीए फक्त अपलोड करत असेल आणि आकडे तुझे असतील, तर तसंच लिही. माल पाठवतानाचं ई-वे बिल तू काढतेस? ७ तारखेच्या आत टीडीएस (कापून घेतलेला आयकर) भरायचा हे तुझ्या डोक्यात असतं? उधारीसाठी खरेदीदारांना फोन कोण करतं? हे सगळं एका पानात बसवायचं, दोन नकोत. आकडे मात्र मोजून लिही, अंदाजानं नको, कारण मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात. आणि दुकानाच्या गिऱ्हाइकांची नावं, कुणाची उलाढाल किती, हे कुठंही लिहायचं नाही, कुणी विचारलं तरी सांगायचं नाही. समोरचा मालक मनात म्हणतो, ही उद्या माझंही असंच सांगेल.

सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे तेव्हापासून हा व्यापार चोख लिखापढीवर उभा आहे. सांगलीत अडतीच्या गादीवर सहा हंगाम काढलेल्या माणसाला हिशेबातली घाई काय असते हे माहीत असतं. त्या अनुभवाला या जिल्ह्यात किंमत आहे. फक्त ती किंमत जिथं कळते तिथं अर्ज पोचला पाहिजे. तू मोबाईलवरून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना अर्ज टाकत बसलीस. घर सांगलीत, मिस्टर मिरजेत, मुलगी बालवाडीत, म्हणजे तुला काम हवंय ते तासाभराच्या अंतरात. मग तिथंच बघ. हळदीची आणि बेदाण्याची शीतगृहं, कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतले मध्यम कारखाने, मिरजेतली मोठी हॉस्पिटलं (तिथल्या बिलिंग विभागाला हिशेबाची चोख माणसं सतत लागतात), ट्रॅक्टर-मोटारींचे डीलर, दूध संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या, सीएंची कार्यालयं. शेतकरी उत्पादक कंपन्यांकडं विशेष लक्ष दे. शेतमालाच्या पट्ट्या कळणारा आणि जीएसटीही कळणारा माणूस त्यांना सहजासहजी मिळत नाही.

आपल्या भागात अशा जागांची जाहिरात क्वचित निघते. त्या तोंडातोंडी भरतात. म्हणून तोंडी सांगायचं, पण नेमकं सांगायचं. ‘कुठं नोकरी असली तर सांगा’ हे वाक्य ऐकणारा दुसऱ्या मिनिटाला विसरतो. ‘मला मिरज किंवा कुपवाडला अकाउंट्सचं काम हवंय. टॅली आणि जीएसटी येतं, सहा वर्षं हळदीच्या अडतीत आहे’ हे लक्षात राहतं. कुणाला सांगायचं? तुमच्या दुकानाच्या सीएंच्या कार्यालयातल्या मुला-मुलींना, कारण कुठल्या फर्ममध्ये हिशेबाचा माणूस सोडून गेला हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. बँकेच्या काउंटरवर तुला ओळखणाऱ्यांना. मिस्टरांच्या कारखान्यातल्या अकाउंट्सवाल्यांना. एकच काळजी घे : सीएंच्या कार्यालयात बोलण्याआधी मालकांकडून पत्र सहीचं होऊन हातात आलेलं असू दे. यार्डात बातमी चहा यायच्या आत पोचते.

सरकारी वाटाही मोकळ्या आहेत आणि फुकट आहेत. नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयंम या पोर्टलांवर नाव नोंदव, जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्राच्या रोजगार मेळाव्यांवर लक्ष ठेव. मेळाव्याला जाताना बायोडेटाच्या प्रती घेऊन जा आणि फक्त तुझ्या कामाच्या चार-पाच टेबलांशीच थांब.

मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणतात तेव्हा त्यांना नाव-गाव नको असतं, ते कागदावर असतंच. त्यांना कळायला हवं असतं की ही बाई काम कशी करते. तुझ्याकडं गोष्ट तयार आहे, ती ३६० रुपयांचीच. ‘ताळा लागत नव्हता. ३६० चा फरक होता. मी आधी बँक तपासली, मग पट्ट्या एकेक करून मूळ सौद्याच्या नोंदीशी ताडल्या. एका पट्टीत ५,८४० चे ५,४८० झाले होते. शेतकऱ्याला ३६० रुपये कमी गेले असते. दुरुस्त केलं आणि त्यानंतर पट्टी देण्याआधी रक्कम दुसऱ्यांदा वाचायची सवय लावली.’ एवढं बोलायला मिनिटभर लागतं. ही सवय खरंच लावली असशील तरच ते शेवटचं वाक्य बोल, नाहीतर आजपासून लाव. आरशासमोर नको, मिस्टरांना समोर बसवून मोठ्यानं सराव कर. मराठीत बोललीस तरी चालतं. मी बघितलेल्या मुलाखतींत अडखळत्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी बोलणाऱ्यांचं काम जास्त झालं.

पगाराचं बोलणं आलं की हिशेब कर, तो तर तुझा हातखंडा आहे. समज, कुपवाडच्या एका कारखान्यात १८,००० एकूण पगार म्हणाले आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १२,००० आहे. तुझा पीएफ १२ टक्क्यांनी १,४४० जाणार. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, १८,००० वर ०.७५ टक्के म्हणजे १३५. व्यवसाय कर महाराष्ट्रात स्त्रियांना महिना २५,००० पगारापर्यंत लागत नाही. हातात १६,४२५ राहतात. आजच्यापेक्षा १,९२५ जास्त. त्यातून रिक्षा-बसचे दीड हजार गेले तर तुला वाटेल, ४२५ रुपयांसाठी एवढी धावपळ? पण कारखानाही १,४४० भरतो, त्यातले सुमारे हजार पेन्शनला आणि उरलेले तुझ्या पीएफ खात्यात. दोघांचे मिळून महिन्याला २,८८० बाजूला पडतात. ईएसआयमुळं कुटुंबाचा औषधपाणी-दवाखाना आहे, आणि पुढं दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर अटी पूर्ण केल्यावर २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. हे सगळं धरून तुलना कर. एक प्रश्न मात्र हमखास विचार : ‘हे १८,००० म्हणजे सीटीसी का? हातात किती येतील?’ सीटीसीत कारखान्याचा हिस्साही धरलेला असतो आणि हातात येणारा आकडा आणखी खाली येतो. नेमणूकपत्र पहिल्या दिवशी मिळेल का, वेळ काय, महिनाअखेरीला थांबावं लागलं तर घरी जायची सोय काय, हेही विचार. विचारणाऱ्या बाईला कुणी नोकरी नाकारली तर ती जागा तुझ्या कामाची नव्हती असं समज.

सासऱ्यांचा सल्ला मायेचा आहे, पण ‘सगळं सोड’ हे मला मान्य नाही. सरकारी बँकांच्या क्लार्क परीक्षेला खुल्या प्रवर्गात २८ वर्षांची मर्यादा असते, पीओला (अधिकारीपदाच्या परीक्षेला) ३०. राखीव प्रवर्गांना सवलत मिळते. जाहिरातीतली तारीख बघून तू बसतेस का ते आधी तपास. बसत असशील आणि मनात असेल तर नोकरी सांभाळून एक प्रयत्न मनापासून दे, पहाटेचे दीड-दोन तास त्याला दे. सासऱ्यांनाच विचार, तेवढा वेळ मुलीकडं तुम्ही बघाल का. त्यांनाही बरं वाटेल.

नवा कोर्स? मोठी फी भरून आणखी एक सर्टिफिकेट घेऊ नकोस. एक्सेलमध्ये पिव्होट आणि लुकअप शिक, आणि पगारपत्रक, पीएफ-ईएसआयचं मासिक काम समजून घे. अडतीत तुला हे करायला मिळालं नाही आणि कारखान्यात पहिल्या आठवड्यात लागेल. दोन्ही फुकट शिकता येतं.

नवी नोकरी लेखी हातात आल्याशिवाय ही सोडू नकोस. सोडताना महिनाभर आधी सांग, मार्चअखेर आणि हळदीच्या भर हंगामात सोडू नकोस. नवीन जागेला थांबायला सांग, समजूतदार असतील तर थांबतात. चालू महिन्याचा ताळा लावून दे, कुणाचं किती येणं-देणं आहे त्याची यादी मालकांच्या सहीनं सुपूर्द कर. आणि जीएसटी पोर्टलला, दुकानाच्या बँकेला तुझा मोबाईल नंबर जोडलेला असेल तर शेवटच्या दिवसाआधी तो बदलून घे, नाहीतर दुकानाचे ओटीपी तुझ्याच फोनवर येत राहतील.